४५ किलो वजन उतरलं, पण पोटाची कातडी लोंबते. गोव्यात कोणती शस्त्रक्रिया करावी?

तुम्ही लिहिलंय की स्लीव्हच्या, म्हणजे जठर लहान करण्याच्या, ऑपरेशननंतर दीड वर्षात ४५ किलो उतरले, वय ३९, दिचोलीजवळ राहता. पोटाची घडी मांडीपर्यंत येते, दंड आणि मांड्याही सैल पडल्या आहेत. व्यायामाने जाईल का, नाही तर कोणतं ऑपरेशन, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, होतं का, विमा मिळतो का, असं विचारलंय. शिवाय सासूबाई याला थेरं म्हणतात.

मी फोंड्याची. डॉक्टर नाही, कॉलेजच्या वाचनालयात काम करते. माझंही वजन असंच उतरलं होतं. मी पोटाचं ऑपरेशन केलं, दंडांचं मुद्दाम केलं नाही. दोन्ही निर्णयांमागचा विचार सांगते.

आधी व्यायामाचं. नाही जाणार. वर्षानुवर्षं ताणलेल्या कातडीतले कोलॅजेन आणि इलास्टिनचे तंतू तुटलेले असतात, ते कितीही बैठका मारल्या तरी परत जुळत नाहीत. व्यायामाने आतला स्नायू भरतो, त्यामुळे दंड जरा बरे दिसतात इतकंच. व्यायाम सोडू नका, पण त्याच्याकडून हे मागू नका. तेलं आणि क्रीमं तर सोडूनच द्या. रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा अल्ट्रासाऊंडच्या मशिनने 'टाइटनिंग' करून देणारे बरेच आहेत. बाळंतपणानंतर किंचित सैल झालेल्या पोटावर त्याचा थोडा उपयोग होतो. जी घडी दोन्ही हातांनी उचलावी लागते तिच्यावर ते पैसे म्हणजे मांडवीत टाकलेले. नुसतं लायपोसक्शनही नको. ते चरबी काढतं, कातडी काढत नाही, आणि आतला भराव गेला की सैलपणा वाढतोच.

दुसरी गोष्ट वजनाची. ते किमान सहा महिने एका जागी थांबलेलं असलं पाहिजे. बेरिॲट्रिकनंतर, म्हणजे वजन उतरवण्याच्या ऑपरेशननंतर, हे सहसा बारा ते अठरा महिन्यांनी होतं, म्हणजे तुमची वेळ जवळजवळ आलीच आहे. बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजनाचा आकडा, तिसाच्या आत असेल तर उत्तम, पस्तीसच्या वर असेल तर जखम न भरण्याचा धोका बराच वाढतो. आणखी मूल हवं असेल तर पोटाचं आत्ता करू नका. सध्या वजनासाठी आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल, सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइड, तर ते भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा. या औषधांनी जठर उशिरा रिकामं होतं, आणि उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेलं असलं तर भुलीत ते फुप्फुसात जाऊ शकतं.

आता मुख्य मुद्दा. या सगळ्या ऑपरेशनांत तुम्ही सैल कातडी देता आणि बदल्यात वण घेता. म्हणून आरशासमोर उभं राहून स्वतःला विचारायचं ते हे, की कुठला वण मला चालेल.

पोटासाठी तीन प्रकार आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पॅनिक्युलेक्टॉमीत फक्त खाली लोंबणारा भाग कापतात. स्नायूंना हात लावत नाहीत, बेंबी हलवत नाहीत. पोट सपाट होत नाही, पण घडी जाते. ॲब्डॉमिनोप्लास्टीत, म्हणजे टमी टकमध्ये, कातडी बरगड्यांपर्यंत सोडवून खाली ओढतात, फाकलेले पोटाचे स्नायू मधोमध शिवतात आणि बेंबीला नव्या जागी भोक करून बसवतात. वण एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत, परकराच्या नाडीखाली झाकला जाईल असा. पण खूप वजन उतरलेल्यांची कातडी आडवीही जास्त असते. नुसती खाली ओढून बाजूंचा सैलपणा जात नाही. मग उभा-आडवा दोन्ही छेद घ्यावा लागतो, त्याला फ्लर-द-लीस म्हणतात. आकार सुरेख येतो, पण छातीखालून ओटीपोटापर्यंत उभा वण कायमचा, आणि दोन छेद जिथे मिळतात तो कोपरा उसवण्याची भीती सगळ्यांत जास्त. सर्जनने मला दोन्ही आकृत्या काढून दाखवल्या. मी उभा वण नको म्हटलं आणि बाजूचा थोडा सैलपणा ठेवून घेतला. साडीत तो कोणाला कळत नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही. तुमचं उलट असू शकेल.

पाठ आणि नितंबही ओघळले असतील तर लोअर बॉडी लिफ्ट असते, कमरेभोवती पूर्ण गोल छेद. ते मोठं ऑपरेशन आहे, रक्त जास्त जातं. कोणी तुम्हाला पोट, दंड, मांड्या सगळं एकाच बैठकीत करून देतो म्हणाला, तर तिथून उठा. टेबलावरचे तास वाढले की रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. शहाणे सर्जन टप्पे पाडतात, मध्ये तीन ते सहा महिने जाऊ देतात, आणि बहुधा पोटापासून सुरुवात करतात.

दंडांबद्दल माझं गणित साधं होतं. ब्रॅकियोप्लास्टीचा वण काखेपासून कोपरापर्यंत, आतल्या बाजूने. आपल्या कातडीवर वण काळसर आणि जाड होण्याकडे कल असतो, आणि माझ्या कानाच्या भोकाजवळ आधीच केलॉइड, म्हणजे फुगून वाढलेला वण, आहे. जी बाही लोंबणारा दंड झाकते तीच वणही झाकणार. मग मी कशासाठी कापून घेऊ? मात्र ज्यांच्या काखेत घासून जखमा होतात, त्यांचं कारण वेगळं आणि रास्त आहे. मांड्यांचा वण जांघेत असतो, घाम आणि ओल तिथेच, म्हणून तो भरायला सगळ्यांत हट्टी. मांड्या शेवटी ठेवा.

आता विम्याचं आणि घडीचं एकत्र सांगते, कारण ते एकत्रच आहे. आपल्या हवेत जून ते सप्टेंबर घडीखालची जागा वाळतच नाही. लाल होते, चिरते, वास येतो, बुरशी धरते. इथे बहुतेक जण फार्मसीत जाऊन खाजेची ट्यूब आणतात. त्यातल्या पुष्कळ ट्यूबांमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग बुरशी पसरते आणि कातडी पातळ होते. ती लावू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, आणि प्रत्येक वेळी कागद घ्या: निदान, औषध, तारीख, जमल्यास फोटो.

हे कागद का, तर विमा नियामकाने २०१९ साली सगळ्या कंपन्यांसाठी वगळण्याच्या अटी एकसारख्या केल्या. त्यानुसार दिसणं बदलण्यासाठीची शस्त्रक्रिया विम्यात बसत नाही. अपवाद आहेत ते अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेचे, आणि आणखी एक: आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका दूर करायला ती वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असेल आणि उपचार करणारा डॉक्टर तसं लिहून देत असेल. वारंवार चिघळणारी घडी या शेवटच्या अटीत बसवायचा प्रयत्न करता येतो, तोही कागद असतील तरच. 'टमी टक' असं शीर्षक असलेला अर्ज परत येणार हे धरूनच चाला. पॅनिक्युलेक्टॉमीसाठी पूर्वमंजुरी मागा, उत्तर लेखी घ्या. बेंबीजवळ किंवा जुन्या टाक्यांजवळ हर्निया आहे का तेही तपासून घ्या. बेरिॲट्रिकनंतर तो काहींना असतो, आणि त्याची दुरुस्ती विम्यात बसते का ते पॉलिसीत पाहा.

बांबोळीला गोमेकॉत प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे भाजलेले, अपघातातले, कर्करोगाचे रुग्ण आधी, आणि ते योग्यच आहे. तुम्ही 'पोट चांगलं दिसावं' म्हणून गेलात तर थांबावं लागेल. चिघळणारी घडी आणि हर्निया घेऊन गेलात तर ऐकून घेतील. त्वचा विभागाचे कागद इथेही उपयोगी. राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना ठरावीक प्रक्रियांच्या यादीवर चालते. सौंदर्यशस्त्रक्रिया तिच्यात शोधू नका, हर्नियाबद्दल मात्र कार्ड घेऊन विचारा.

खाजगीत मला टमी टकसाठी सांगितलेले आकडे दीड ते तीन लाखांच्या दरम्यान होते. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरून सांगताय का ते आधी विचारा, नाही तर बिलावर दिसतो. भूल, नंतर पोटाला बांधायचा पट्टा, औषधं, आणि टाके उसवलेच तर पुन्हा शिवण्याचा खर्च, हेही विचारा. गोव्यात परदेशी पाहुण्यांसाठी 'ऑपरेशन आणि समुद्रकिनारा' अशी पॅकेजं निघतात. ओली जखम घेऊन समुद्रात उतरता येत नाही, उन्हाने वण काळा पडतो आणि लगेच लांबच्या विमानाने गुठळीचा धोका वाढतो, मग किनाऱ्याचं काय करायचं ते पॅकेजवाल्यांनाच ठाऊक.

सर्जन निवडताना पाटीवर 'कॉस्मेटिक' लिहिलंय का ते पाहू नका. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी पाहा. असोसिएशन ऑफ प्लास्टिक सर्जन्स ऑफ इंडियाचा सदस्य आहे का ते पाहता येतं. महत्त्वाचं म्हणजे वजन उतरलेल्यांची ऑपरेशनं किती केली, आणि त्यांच्या वणांचे वर्षानंतरचे फोटो दाखवा म्हणा. महिन्याभरातले फोटो सगळ्यांचेच छान असतात. वण निवायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, सुरुवातीचे काही महिने सिलिकॉन जेल किंवा पट्टी लावत राहायचं. रात्री दोन वाजता ड्रेनमधून, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीतून, रक्त आलं तर कोणाला फोन करू, हाही प्रश्न विचारा. उत्तर मिळायला वेळ लागला तर दुसरीकडे बघा.

ऑपरेशनच्या आधीची तयारी पोटातून सुरू होते. स्लीव्ह झालेल्यांचं लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि प्रथिनं बहुधा कमी असतात, आणि त्यांच्याशिवाय जखम भरत नाही. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. उकड्या तांदळाची पेज मलाही प्रिय आहे, पण त्यातून ती मिळत नाहीत. बांगडा, तारली, अंडी, शाकाहारी असाल तर पनीर आणि कडधान्यं. रक्त तपासून हिमोग्लोबिन आधी वर आणा. तंबाखू किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद. यात सिगारेटच येते असं बायकांना वाटतं. मशेरीतही निकोटिन असतं, त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि शिवलेल्या कातडीची कड काळी पडून मरते. मशेरी लावत असाल तर डॉक्टरला लाजू नका, सांगा.

नंतरचे दिवस : पहिला आठवडाभर वाकूनच चालायचं, कारण पोट ताणलेलं असतं. झोपताना गुडघ्यांखाली उशा. ड्रेनच्या दोन नळ्या लटकत असतात, चोवीस तासांत येणारं पाणी ३० मिलिलिटरच्या खाली आलं की सहसा काढतात. नळी काढल्यावरही आत पाणी साठू शकतं, सुईने काढावं लागतं, त्याला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते एकाच पोटरीला सूज आली किंवा अचानक दम लागला तर, तेव्हा वाट न पाहता १०८. घट्ट पट्टा साधारण सहा आठवडे, दिवसरात्र. मे महिन्यात तो अंगावर ठेवणं म्हणजे शिक्षा, पावसात तो वाळत नाही, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली तारीख घ्या आणि पट्टे दोन घ्या. बेंबीखाली बधिरपणा महिनोन्महिने राहतो, थोडा कायमचाही. त्यावर गरम पाण्याची पिशवी चुकूनही ठेवू नका, भाजलेलं कळत नाही.

सासूबाईंना हे सगळं पटवण्याच्या फंदात मी पडले नसते. त्यांना तुमचं पोट कसं दिसतं ते सांगायची गरज नाही, सहा आठवडे काय जमणार नाही ते मात्र आधीच सांगा. सिलिंडर उचलणं, विहिरीचं पाणी ओढणं, पोराला कडेवर घेणं, स्कूटर. ही कामं कोण करणार ते नावांसकट ठरवून मगच तारीख घ्या. माहेराहून कोणी येऊ शकत असेल तर त्यांची रजा आधी विचारा.