छातीच्या वॉर्डात नर्स म्हणून नवीन आलीस ना?

अगं, श्वसनविकारांचं ट्रेनिंग जरूर घे, पण उद्यापासूनच एक सवय लाव. पेशंटला 'पंप घेता ना?' असं विचारू नकोस, 'घेऊन दाखवा' म्हण. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या एक आजी रोटाकॅप, म्हणजे पावडर श्वासातून ओढायची कॅप्सूल, चक्क पाण्याबरोबर गिळत होत्या. दम कमी होईना म्हणून औषधं बदलत राहिले, पण त्या ती घेतात कशा, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

रोटाहेलरला, म्हणजे या कॅप्सूलच्या पंपाला, श्वास जोरात आणि खोल ओढायचा, दाबायच्या पंपाला सावकाश. मग १० सेकंद रोखायचा. आधी रिकाम्या पंपावर स्वतःचा हात बसव. स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायला लावायचीच, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

ऑक्सिजन मात्र जपून. कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) पेशंटला रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्के पुरे; ९८ दिसावेत म्हणून फ्लो वाढवू नकोस. गुंगी आली, बोलणं असंबद्ध वाटलं, की लगेच डॉक्टरांना बोलाव.

आणि श्वास पूर्ण मिनिटभर मोज, छातीकडे बघून. चार्टवर सगळ्यांचेच २० लिहिलेले दिसले की मला फार खुपतं.