मंडळीत नवा आलायस ना, मग हे ऐक

जय ख्रिस्त! पहिल्याच रविवारी कोणी ‘बाप्तिस्मा कुठं झाला?’ विचारलं म्हणून बिचकू नकोस. आमच्याकडे चौकशीची खोडच आहे. आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 1970 साली नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन झाली. त्यात तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते तसे मोठेपणीच देणारे बाप्टिस्टही. म्हणून तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा आणि मोठेपणी समजून घेतलेला, दोन्ही इथे चालतात. त्यावरून वाद घालत बसू नकोस.

गाता येत नाही? काही बिघडत नाही. पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन सुरू झालं की शेजारची आजी आपलं पुस्तक तुझ्यापुढे सरकवेल.

कापणीचा सण मात्र चुकवायचा नाही. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, मेथीच्या जुड्या, पाय बांधलेली कोंबडी. उपासनेनंतर लिलाव. मागे एका म्हातारीनं पदराआड चार अंडी आणली होती. एकानं शंभराला घेतली आणि परत लिलावात ठेवली, दुसऱ्यानं दोनशेला. अशी पाच वेळा फिरून ती शेवटी म्हातारीच्याच पिशवीत गेली.

अर्पणाच्या थैलीत किती टाकतोस ते कोणी बघत नाही. (एकदोघं बघतात, दुर्लक्ष कर.) पण कोणाशी अबोला असेल तर प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर-प्याला घेण्याआधी, मिटव. बायबलात मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे ते. बांधाच्या भांडणापायी मी स्वतः दोन महिने भाकर-प्याला घेतला नव्हता. शेवटी चुलतभावाच्या ओट्यावर जाऊन चहा मागितला.

घरी प्रार्थनासभा ठेवलीस तर नुसता चहाच ठेव.