तळघराच्या वॉटरप्रूफिंगची पद्धत ठरवण्यापूर्वी

रसायनांची चौकशी करण्याआधी ओल कोठून येते हे शोधून काढा, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. भिंत पुसून कोरडी करा, हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी पाहा: थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील, तर ओल भिंतीतून येत आहे, खोलीकडच्या बाजूला असतील, तर ती हवेतील दमटपणाची आहे आणि तेथे हवा खेळती ठेवणे हाच उपाय आहे.

नाशिकमध्ये खाली बसाल्टचा कातळ लागला, की पावसाचे पाणी लवकर जिरत नाही. ते भरावात, भिंतीलगत साचून दाब देत राहते. म्हणून बांधकाम चालू असेल, तर बाहेरूनच काम करावे. शहाबादी फरशीचे बॉक्स टाइप वॉटरप्रूफिंग, म्हणजे तळघराला खालून आणि चारही बाजूंनी बाहेरून फरशीची पेटी करणे, मला आजही भरवशाचे वाटते, मात्र फरशी आणि काँक्रीट यांच्यामधली पोकळी ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणाने, पूर्ण भरली जाते का, हे स्वतः उभे राहून, फरशीवर ठोकून पाहावे.

घर जुने असेल आणि बाहेरून खोदता येत नसेल, तर भेगांत आणि राफ्ट (तळाचा काँक्रीटचा स्लॅब) व भिंतीच्या सांध्यात पीयू इंजेक्शन करून, म्हणजे पॉलियुरेथेन दाबाने भरून, त्यावर क्रिस्टलाइन लेप (काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक तयार करून पाणी अडवणारा) द्यावा. हा लेप काँक्रीटसाठी आहे, विटांसाठी नव्हे. नुसता वॉटरप्रूफ रंग आतून लावू नका, मागून दाब आला की तो फुगून सुटतो.

काम उन्हाळ्यात उरका आणि कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता एक पावसाळा पाहूनच द्या.