वाचकांचे प्रश्न : मुंबईचे आंदण आणि राणी कॅथरिन

मुंबई बेटावरच्या मागच्या लेखात पोर्तुगालची राजकन्या आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याची राणी कॅथरिन ऑफ ब्रागांझा हिचा उल्लेख एका ओळीत आला होता : तिच्या लग्नात पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना आंदण दिली. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी आणि संकेश्वर भागातून बरीच पत्रे आली. ती ओळ अपुरी होती, हे पत्रे वाचून पटले. म्हणून या वेळचे सगळे सदर तिच्यासाठी ठेवले आहे.

पोर्तुगीजांनी मुंबई आंदण दिली ते नेमके कोणत्या वर्षी? वेगवेगळ्या पुस्तकांत 1661, 1662, 1665 आणि 1668 अशी चार साले आहेत. परीक्षेत काय लिहायचे?
— स्पर्धा परीक्षेचा एक विद्यार्थी, निपाणी

चारही साले खरी आहेत, पण प्रत्येक साल वेगळ्या गोष्टीचे आहे. लग्नाचा तह 23 जून 1661 ला झाला आणि त्याच्या अकराव्या कलमात मुंबई देण्याचे कबूल केले होते. लग्न मे 1662 मध्ये पोर्ट्समथला लागले. इंग्रजांच्या हाती बेट प्रत्यक्षात पडले ते 18 फेब्रुवारी 1665 ला. राजा दुसरा चार्ल्स याने 27 मार्च 1668 च्या सनदेने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिले. दरवर्षी 30 सप्टेंबरला दहा पौंड सोन्यात भरायचे, एवढाच त्याचा खंड. बेटाच्या उत्पन्नापेक्षा त्यावरचा खर्च जास्त होता, म्हणून राजाने ते अंगाबाहेर टाकले. प्रश्नात ‘तह’ असेल तर 1661, ‘विवाह’ असेल तर 1662, ‘ताबा’ असेल तर 1665 आणि ‘कंपनीकडे हस्तांतर’ असेल तर 1668 लिहा. नुसते ‘आंदण कधी’ असे विचारले असेल तर पर्यायांत 1661 आणि 1662 पैकी कोणते साल दिले आहे ते आधी पाहा.

घोटाळ्याचे आणखी एक कारण पंचांगाचे आहे. पोर्तुगालने 1582 मध्येच नवे ग्रेगोरियन पंचांग घेतले. इंग्लंडने ते 1752 मध्ये घेतले. सतराव्या शतकात इंग्रजी तारीख दहा दिवस मागे असे. म्हणून हेच लग्न इंग्रजी कागदात 21 मेचे आणि पोर्तुगीज कागदात 31 मेचे. शिवाय इंग्लंडचे कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले 24 दिवस मागच्या सालात धरले जात. चार्ल्स वारला ते आपण 6 फेब्रुवारी 1685 असे लिहितो, पण त्या वेळच्या इंग्रजी कागदात 1684 दिसेल. जुना कागद हाती आला की आधी तो कोणत्या देशाचा ते पाहा, मग महिना पाहा आणि त्यानंतरच साल उतरवून घ्या.

तह 1661 चा आणि ताबा 1665 चा. मधली चार वर्षे इंग्रज कुठे होते? कारवारजवळच्या अंजदीव बेटाशी याचा संबंध आहे असे ऐकले, ते खरे का?
— एक वाचक, खानापूर

खरे आहे, आणि आपल्या भागातल्या लोकांना हे माहीत असायलाच हवे. इंग्रज सरदार अर्ल ऑफ मार्लबरोचे आरमार सप्टेंबर 1662 मध्ये मुंबईसमोर आले. नवा पोर्तुगीज व्हाइसरॉय अंतोनियो द मेलो द कास्त्रो त्याच जहाजांवरून आला होता. त्याने बेट द्यायचे साफ नाकारले. इंग्रजांचे अधिकारपत्र बरोबर नाही, हे त्याचे पहिले कारण. दुसरे कारण हद्दीचे. ठाणे आणि साष्टीही आपल्याच वाट्याला आली, असे इंग्रज म्हणत होते, तर तहात फक्त मुंबईचे बंदर आणि बेट आहे, असे पोर्तुगीजांचे म्हणणे. या मुद्द्यावर पोर्तुगीजांची बाजू बळकट होती, असे आमचे मत आहे. साष्टी त्यांच्याकडेच राहिली आणि पुढे चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आली. मुंबईत इंग्रज बसले की पोर्तुगीजांचा हिंदुस्थान गेलाच म्हणून समजा, असे व्हाइसरॉयने आपल्या राजाला कळवले होते.

आता प्रश्न आला तो मुंबईचा ताबा घ्यायला आलेल्या सर अब्राहम शिपमनच्या सुमारे चारशे सैनिकांचा. सुरतेला उतरावे तर मुघल सुभेदार बिथरेल आणि वखार धोक्यात येईल, म्हणून तिथल्या इंग्रजांनीच त्यांना नकार दिला. शेवटी ते अंजदीवला उतरले. हे बेट कारवारच्या दक्षिणेला, बिणग्याच्या किनाऱ्यासमोर आहे. आकाराने जेमतेम दीड चौरस किलोमीटर. तिथे पाणी मिळते, वास्को द गामाने 1498 मध्ये तिथेच पाणी भरले होते. निवारा मात्र नव्हता. कारवारचा पाऊस कसा कोसळतो ते जोयडा-लोंढ्याकडच्या लोकांना सांगायला नको. त्या पावसात उघड्यावरचा तळ, अपुरे अन्न, ताप आणि हगवण यांनी पलटण संपत गेली. शिपमन स्वतः 1664 मध्ये तिथेच वारला. त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा बरोबर सव्वाशेच्या आतच माणसे उरली होती. ताब्याचा कागद झाला तो बेटाची मालकीण दोना इग्नेस द मिरांदा हिच्या वाड्यात. कुकने त्यासाठी मान्य केलेल्या अटी इतक्या पडत्या होत्या की चार्ल्सने त्या पुढे नाकारल्या.

याच फेब्रुवारी 1665 मध्ये शिवाजी महाराज बसरूरची मोहीम आटोपून गोकर्ण-कारवार भागात होते. हे दोन प्रसंग एकाच महिन्यातले आहेत, हे पुस्तकांतून सहसा लक्षात येत नाही.

अंजदीव आज नौदलाच्या कारवार तळात येते, त्यामुळे तिथे सहलीला जाता येत नाही. नकाशात शोधताना चूक होते ती अशी : बेट कर्नाटकाच्या किनाऱ्यासमोर असले तरी कारभाराने गोव्याचे आहे.

कॅथरिनने इंग्लंडला चहा नेला, हे खरे का?
— एक वाचक, संकेश्वर

नाही. लंडनमध्ये ती येण्याआधीच चहा विकला जात होता. टॉमस गारवेच्या दुकानात एका पौंड पत्तीला 16 ते 50 शिलिंग पडत. रोजनिशीकार सॅम्युएल पीप्सने सप्टेंबर 1660 मध्ये चहा प्यायल्याची नोंद केली आहे, आणि कॅथरिन आली मे 1662 मध्ये. पोर्तुगालच्या उमराव घरांत चीनमधल्या मकाव या पोर्तुगीज ठाण्यामुळे चहा रुळलेला होता, तिला त्याची सवय होती, आणि तिच्यामुळे तो इंग्रज दरबारातल्या बायकांच्या बैठकीत आला. तिचे श्रेय एवढेच, पण तेही थोडे नाही.

राणीला मूल झाले नाही, नवऱ्याच्या मात्र अनेक नाटकशाळा (ठेवलेल्या बायका). तरीही त्याने तिला सोडले का नाही? आणि तिने हे सोसले का?
— एक वाचक भगिनी, शहापूर, बेळगाव

आधी तिच्यापाशी काय होते ते पाहू. जन्म 25 नोव्हेंबर 1638, पोर्तुगालमधल्या व्हिला व्हिसोझा इथे. त्या दिवशी संत कॅथरिनचा सण असतो, त्यावरून नाव. ती दोन वर्षांची असताना वडील ब्रागांझाचे ड्यूक होते ते स्पेनचे जू झुगारून राजे झाले, जुआंव चौथे. 1656 मध्ये ते वारले आणि कारभार आई लुईसा द गुझमान हिच्याकडे आला. स्पेनशी युद्ध चालूच होते. लुईसाला इंग्रजांची फौज हवी होती : तहाने इंग्लंडने दोन हजार पायदळ आणि एक हजार घोडदळ द्यायचे ठरले. बदल्यात वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी), आफ्रिकेतले टँजिअर, मुंबई आणि व्यापाराच्या सवलती. या देवघेवीत मुलीला कोणी काही विचारले, असे आमच्या वाचनात नाही. मुंबई तिने दिली असे जे आपण सहज म्हणतो, ते त्यामुळेच सोडून द्यावे.

अर्धी रक्कम जहाजावर रोख चढवायची होती. ती युद्धात खर्च झालेली. म्हणून साखर आणि इतर माल भरला, आणि तो लंडनला विकून पैसे करायला दुआर्ते द सिल्वा नावाचा व्यापारी बरोबर दिला. बाकीचे पैसे वर्षानुवर्षे रखडले. हुंडा पुरा न आलेल्या सुनेला सासरी काय ऐकावे लागते, ते वेगळे लिहायला नको.

लग्नानंतर काही आठवड्यांतच चार्ल्सने आपली नाटकशाळा बार्बरा व्हिलिअर्स, म्हणजे लेडी कॅसलमेन, हिला राणीच्या शयनगृहाची मानकरी नेमायचे ठरवले. कॅथरिनने यादीतले तिचे नाव खोडले. राजाने तिच्या बहुतेक पोर्तुगीज बायकांना माघारी धाडले. इंग्रजी येत नव्हते, नवऱ्याशी बोलणे स्पॅनिशमध्ये. माहेर युद्धात, आणि तेही याच नवऱ्याच्या फौजेवर अवलंबून. कुठूनही आधार नाही, तेव्हा ती नमली. आम्हाला यात दुबळेपणा दिसत नाही. ती उघड भांडली असती तर भोगावे लागले असते ते लिस्बनला.

ऑक्टोबर 1663 मध्ये ती मरणाच्या दारात होती. तापाच्या भ्रमात आपल्याला मुले झाली आहेत असे ती बोलत होती, आणि चार्ल्स तिची समजूत मोडत नव्हता. पुढे 1666, 1668 आणि 1669 मध्ये गर्भपात झाले.

घटस्फोटाची हूल खरोखरच उठली होती. 1670 मध्ये लॉर्ड रूसला पुन्हा लग्न करता यावे म्हणून पार्लमेंटने कायदा केला, तेव्हा हा राजासाठीच रस्ता मोकळा होतोय, असे लोकांना वाटले. चार्ल्सने तो रस्ता धरला नाही. खरी कसोटी नोव्हेंबर 1678 ची. राणी कॅथलिक, इंग्लंड प्रोटेस्टंट. कॅथलिकांच्या कटाच्या खोट्या गोष्टी रचणाऱ्या टायटस ओट्सने राणी राजाला विष घालणार असल्याचा आरोप केला. कॉमन्स सभेने तिला राजवाड्यातून काढण्याची मागणी केली, लॉर्ड्स सभेने साथ दिली नाही. तिचा वैद्य सर जॉर्ज वेकमन जुलै 1679 मध्ये निर्दोष सुटला. चार्ल्स या सगळ्या काळात तिच्या बाजूने ठाम उभा राहिला. त्याला तिचे निरपराधपण माहीत होते, आणि राणीला टाकले तर पाठोपाठ कॅथलिक भाऊ जेम्सचा वारसाहक्कही जाणार, हेही तो ओळखून होता. आमच्या मते दोन्ही कारणे सारखीच खरी.

आठवीच्या वर्गासाठी तिच्या कुटुंबाचा वंशतक्ता करायचा आहे. कसा आखावा? मुले नावांत फार गोंधळतात.
— एक शिक्षिका, खानापूर तालुका

22 बाय 30 इंचांचा ड्रॉइंग शीट आडवा घ्या आणि तीन पिढ्यांपुरतेच थांबा. डावीकडे तिचे माहेर ब्रागांझा, उजवीकडे सासर स्टुअर्ट, मध्ये कॅथरिन (1638–1705) आणि दुसरा चार्ल्स (1630–1685).

डाव्या बाजूला वर जुआंव चौथा (1604–1656) आणि लुईसा (1613–1666). खाली तेओदोझिओ आणि जोआना (दोघेही 1653 मध्ये वारले), कॅथरिन, अफोंसो सहावा (1643–1683) आणि पेद्रो दुसरा (1648–1706). तान्हेपणी गेलेली दोन मुले लहान ठिपक्यांनी दाखवा. इथे अडचण येते ती मेरी फ्रांस्वाजची. ती आधी अफोंसोची बायको होती. पेद्रोने भावाला बाजूला सारून कारभार घेतला, ते लग्न रद्द ठरले आणि 1668 मध्ये तिने पेद्रोशी लग्न केले. तिचे नाव दोन चौकटींत लिहू नका, एकाच चौकटीतून दोन रेषा काढा. पाचवा जुआंव (जन्म 1689) हा पेद्रोच्या दुसऱ्या बायकोचा मुलगा. त्याची रेषा मेरी फ्रांस्वाजला जोडली जाते, ही हमखास होणारी चूक.

उजवीकडे वर पहिला चार्ल्स (1600–1649) आणि कॅथरिनची सासू हेन्रिएटा मरिया (1609–1669). मुलांत दुसरा चार्ल्स, मेरी (1631–1660), दुसरा जेम्स (1633–1701) आणि हेन्रिएटा (1644–1670) पुरेत. मेरी आणि जेम्स शेजारी ठेवा, कारण मेरीचा मुलगा तिसरा विल्यम (1650–1702) आणि जेम्सची मुलगी दुसरी मेरी (1662–1694) यांचे 1677 मध्ये लग्न झाले. म्हणजे विल्यमने मामाची मुलगी केली. आपल्याकडे मुलांना हे नाते चटकन कळते, तिथूनच शिकवायला सुरुवात करा. दोन मेरी वेगळ्या कळाव्यात म्हणून नावापुढे ‘चार्ल्सची बहीण’ आणि ‘जेम्सची मुलगी’ असे लिहा, नुसते आकडे मुलांच्या लक्षात राहत नाहीत. जेम्सची दुसरी मुलगी अ‍ॅन (1665–1714) हीही राणी झाली, तिला जागा सोडा.

चार्ल्सच्या लग्नाबाहेरच्या मुलांपैकी फक्त मन्मथचा ड्यूक जेम्स (1649–1685) तुटक रेषेने घ्या. त्याने काका जेम्सविरुद्ध बंड केले आणि त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या जिवासाठी रदबदली करणाऱ्यांत कॅथरिन होती, हे वर्गात अवश्य सांगा.

तिच्या चौकटीखाली तीन ओळी पुरतील : 1692 मध्ये इंग्लंड सोडले, लिस्बनला बेंपोश्ता राजवाडा बांधला, भाऊ पेद्रोच्या आजारपणात 1704–05 मध्ये पोर्तुगालचा कारभार पाहिला. मुंबई आणि टँजिअर तिच्या चौकटीत लिहू नका, ती दोन्ही नावे लग्नाच्या रेषेवर ‘तह, 1661’ अशा शिक्क्याखाली घाला.