मागून येणाऱ्या गाडीचा वेग बघा

प्रश्न : गेल्या वर्षी न्यू जर्सीतलं घर विकून आम्ही दोघं फ्लोरिडात, द व्हिलेजेस या निवृत्तांच्या वसाहतीत राहायला आलो. मी ६९ वर्षांचा, ही ६६. इथे ज्याच्या त्याच्या गॅरेजमध्ये गोल्फ कार्ट, म्हणजे गोल्फच्या मैदानावर फिरते ती छोटी उघडी गाडी. आम्हाला दोघांनाही गोल्फचा ओ की ठो कळत नाही, पण भाजी, तलाव, पत्ते, शनिवारचं भजन हे सगळं तीन मैलांच्या आत आणि कार्टच्या रस्त्याने जाण्यासारखं आहे. फक्त डॉक्टरांकडे जाताना अर्धा मैल ताशी ३५ मैल वेगमर्यादेचा रस्ता लागतो. डीलरने तीन गाड्या दाखवल्या. पहिली पेट्रोलवरची, वापरलेली, ताशी १९ मैल जाणारी. दुसरी ४८ व्होल्टची इलेक्ट्रिक, तीही १९ची, पण “प्रोग्रॅमिंग करून २४ला नेऊन देतो” म्हणतो. तिसरी कोरी, २५ मैलांची, नंबरप्लेट लावलेली, आणि दुसरीपेक्षा पाच हजार डॉलरने महाग. मुलगा म्हणतो, बाबा, सगळ्यात जोरात जाणारी घ्या. ही म्हणते, १५ मैलसुद्धा पुष्कळ झाले. वेग किती असला म्हणजे पुरे? मोटार एक ठेवली आहे, ती दोघंही चालवतो.

— एक वाचक, द व्हिलेजेस, फ्लोरिडा

उत्तर : चिरंजीवांना आधी तीन मैलांचं गणित मांडायला सांगा. ताशी १५ मैलांनी १२ मिनिटं, १९ने साडेनऊ, २५ने सव्वासात. तेही रस्ता सरळसोट आणि मोकळा असेल तर. मधे थांब्याच्या पाट्या, गोल चौक, समोरून हात करणारे शेजारी आले की हा फरक आणखी आटतो. १९ऐवजी २५ने जाऊन भजनाला सव्वादोन मिनिटं आधी पोचण्यासाठी पाच हजार डॉलर मोजायचे असतील तर माझी हरकत नाही. पेटी जुळवायला तेवढाच वेळ मिळेल.

पण म्हणून वहिनींचे १५ मैल सगळीकडे चालतील असंही नाही. या गाडीत वेग लागतो तो मुक्कामाला लवकर पोचायला नाही, मागून येणाऱ्या मोटारीसाठी लागतो. ३५च्या रस्त्यावर तुम्ही १५ने चाललात तर मागची मोटार तुमच्यावर ताशी २० मैलांनी, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३० फुटांनी चालून येते. ३०० फुटांवर असलेली गाडी दहा सेकंदांत तुमच्या पाठीशी. तेच तुम्ही २५ने जात असाल तर तिला वीस सेकंद लागतात. फोनमध्ये डोकं घातलेल्या माणसाला मान वर करायला हे जास्तीचे दहा सेकंद मिळतात. कार्टसाठी वेगळा रस्ता असेल तिथे मागून मोटार येतच नाही, आणि हा सगळा हिशेब गैरलागू होतो.

तेव्हा डीलरकडे जाण्याआधी एका कागदावर तुमच्या नेहमीच्या वाटा काढा. कुठे नुसता कार्टचा रस्ता आहे, कुठे मोटारीच्या रस्त्याच्या कडेला कार्टची पट्टी आहे, कुठे मोटारींच्यात मिसळावं लागतं, हे तीन रंगांनी रंगवा. तुमच्याकडे असे रस्ते सुमारे शंभर मैलांचे आहेत, मोठ्या रस्त्यांखालून बोगदे आहेत, वरून पूल आहेत. मी राहतो त्या जॉर्जियातल्या पीचट्री सिटीतही साधारण तेवढंच जाळं आहे. सकाळी शाळेची मुलं स्वतः कार्ट चालवत जातात आणि हायस्कूलच्या आवारात मोटारींसारख्या कार्टच्या रांगा लागतात. इथे ताशी २०च्या आतल्या गाड्यांवर अख्खं गाव चाललंय, कोणाचं काही अडत नाही.

आता कायदा, कारण डीलर नेमका तोच भाग घाईत उरकतो. १९९८ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने लो-स्पीड व्हेइकल, म्हणजे एलएसव्ही, असा वाहनांचा एक वर्गच केला: चार चाकं, आणि सपाट रस्त्यावर कमाल वेग ताशी २० मैलांच्या वर पण २५पर्यंत. या वर्गातल्या गाडीला हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, आरसे, पार्किंग ब्रेक, पुढची काच, प्रत्येक सीटला पट्टा आणि व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा १७ अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक, असावाच लागतो. फ्लोरिडात ती ३५ किंवा त्याहून कमी वेगमर्यादेच्या रस्त्यावर चालते. तिची नोंदणी लागते, विमा लागतो (वैयक्तिक इजेचा आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचा, किमान दहा-दहा हजार डॉलरचा) आणि चालवणाऱ्याला लायसन लागतं. २०च्या वर न जाणारी असेल तर ती नुसती गोल्फ कार्ट. तिला नोंदणी नाही, १८ पूर्ण झालेल्याला लायसन नाही, पण काउंटीने (म्हणजे जिल्ह्याने) किंवा शहराने कार्टसाठी खुले केलेले रस्ते सोडून दुसरीकडे तिला फिरकता येत नाही. तुमचा डॉक्टरांकडचा अर्धा मैल त्यात बसतो का, ते तिथल्या पाटीवर बघा. पाटी नसेल तर बसत नाही असंच समजा.

यात तुमची दुसरी गाडी कुठे बसते? १९वर असेपर्यंत ती कार्ट. डीलरने लॅपटॉप लावून २४ केली की त्याच क्षणी ती कार्ट राहत नाही, आणि पट्टे नाहीत, व्हीआयएन नाही म्हणून एलएसव्हीही होत नाही. अशी गाडी रीतसर बदलून, राज्याच्या कार्यालयात तपासून घेऊन नोंदवण्याची सोय फ्लोरिडात आहे. डीलर ते करून कागद हातात देणार असेल तर गोष्ट वेगळी. “लाइट, आरसे, हॉर्न सगळं लावून देतो, स्ट्रीट लीगल होते” एवढ्यावर विश्वास ठेवू नका. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस आरसे मोजत बसत नाही, तो आधी गाडीवरचं लेबल वाचतो. तुम्हीही तेच करा. तिसऱ्या गाडीवर एलएसव्ही असल्याचं कारखान्याचं लेबल आणि व्हीआयएन आहेत ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

कायदा बाजूला ठेवला तरी वाढवलेल्या वेगाला माझा विरोध आहे. नोकरीची बरीच वर्षं मी पिंपरीत वाहनचाचणी विभागात काढली, त्यामुळे वेग म्हटला की माझी नजर आधी ब्रेककडे जाते. १५वरून २५वर गेलात तर वेग पावणेदोनपटही होत नाही, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ पावणेतीनपट होते. बहुतेक साध्या कार्टना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, तेही ड्रमचे. प्रोग्रॅमिंगने मोटर जोरात फिरते, ड्रम होता तेवढाच राहतो. आमच्या गल्लीत एकाने असाच वेग वाढवून घेतला होता. “ब्रेक लागतो पण धरत नाही” म्हणून त्याने मला बोलावलं. जॅक लावून मागचं चाक काढलं, ड्रम उतरवला, तर आतल्या शूजचं, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांचं, अस्तर तापून तापून काचेसारखं गुळगुळीत झालेलं. नख ओढलं तरी ओरखडा उमटेना. अस्तराची जाडी भरपूर शिल्लक होती, त्यामुळे वरवर बघणाऱ्याने ब्रेक उत्तम आहेत असाच दाखला दिला असता. शूज बदलले आणि गाडी परत १९वर आणायला लावली. महिनाभर तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होता.

मोठी चाकं बसवून वेग वाढवण्याची युक्तीही कोणीतरी सुचवेलच. १८ इंची टायर काढून २२ इंची लावले तर त्याच फेऱ्यांत गाडी २२ टक्के जास्त अंतर कापते, म्हणजे १५चे १८ होतात. पण चाकावरचा जोर १८ टक्के घटतो, गाडी दोन इंच वर उचलली जाते आणि वळणावर जास्त कलते. चाकं मोठी दिसतात छान, हे मान्य.

वळणावरून आठवलं. वहिनी शेजारी बसणार असतील तर हे त्यांना वाचून दाखवा. कार्टला दार नसतं. तुम्ही डावीकडे झटकन वळलात की उजवीकडे बसलेला माणूस बाहेर फेकला जातो, आणि सीटच्या कडेची ती बुटकी दांडी त्याला अडवायला पुरत नाही. कार्टमधून पडण्याचे अपघात या तऱ्हेने फार होतात. म्हणून गाडी १९ची असो की २५ची, पट्टे बसवून घ्याच आणि वळणाआधी वेग उतरवा, वळणात शिरल्यावर नाही. मागे तोंड करून बसायच्या सीटवर नातवंडं बसवत असाल तर पाय टेकत नाहीत अशा पोराला तिथे बसवूच नका. गाडी सुटताना पुढे झेपावते आणि मूल होतं तिथेच राहतं, म्हणजे रस्त्यावर.

वेगाशी बॅटरीचाही संबंध आहे. लेड-ॲसिडच्या बॅटऱ्या उतरत आल्या की गाडीचा दम कमी होतो. सकाळी बोगद्याचा चढ ज्या जोमाने चढली, तो संध्याकाळी राहत नाही. लिथियमची बॅटरी जवळजवळ शेवटपर्यंत सारखी ओढते, आणि लेड-ॲसिडच्या संचापेक्षा ती दोन-तीनशे पौंड हलकी असल्याने थांबतानाही बरं पडतं. लेड-ॲसिड घेतलीत तर फ्लोरिडाच्या उकाड्यात महिन्यातून एकदा झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर बघायचं, आणि पाणी चार्जिंग झाल्यावर घालायचं, आधी नाही. रोज रात्री चार्जिंगला लावा. निम्म्याच्या खाली उतरवत गेलात तर बॅटऱ्या वेळेआधी म्हाताऱ्या होतात. पेट्रोलच्या गाडीला ही कटकट नाही, लांबवर जाते. पण पहाटेच्या भजनाला निघालात तर अख्खी गल्ली उठेल. शेजाऱ्यांशी कसं आहे त्यावर ठरवा.

चाचणी घेताना डीलरच्या आवारात गोल गोल फिरू नका. चारही जागा भरतील एवढी माणसं घेऊन जा, बॅटरी अर्धी उतरलेली असताना चालवायला मागा, फोनवर जीपीएसने वेग बघा आणि सपाट, कोरड्या, रिकाम्या जागी पूर्ण वेगात असताना ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा मागचं चाक घसटत असेल तर तिथेच नमस्कार करा.

आणखी एक, जे ६९व्या वर्षी कोणाला ऐकायला आवडत नाही. एलएसव्हीला लायसन लागतं, कार्टला लागत नाही. अजून दहा-पंधरा वर्षांनी डोळ्यांमुळे लायसन नूतन झालं नाही, तर तिसरी गाडी मोटारीबरोबरच गॅरेजमध्ये उभी राहील. दुसरीवर मात्र भाजीला जाता येईल, अर्थात तेवढं दिसत असेल तोवरच. भारतातून पाहुणे आले तरी तोच फरक पडतो. कार्टला १८ वर्षांवरच्या माणसाकडे फोटोचं सरकारी ओळखपत्र असलं की झालं.

तुमच्या जागी मी दुसरी गाडी घेतली असती, प्रोग्रॅमिंग न करता. उरलेल्या पैशांतून पट्टे, आरसे, चांगले लाइट आणि बॅटऱ्या लेड-ॲसिडच्या असतील तर लिथियमचा संच. कार्टचा वेगळा विमाही काढा, मोटारीच्या पॉलिसीत ती आपोआप येते असं धरून चालू नका. डॉक्टरांकडे जाताना मोटार काढायची. उद्या मोटारच विकायची ठरली आणि तो अर्धा मैल रोजचा झाला, तर मात्र तिसरीला पर्याय नाही.

प्रश्न : आमच्या मुलाला पंधरावं लागलंय. आमच्या वसाहतीत त्याचे मित्र कार्ट चालवतात. त्याला द्यावी का?

— एक आई, ओरलँडो

उत्तर : पंधरावं लागलंय म्हणजे १४ पूर्ण, म्हणून आत्ता नाही. फ्लोरिडात १ ऑक्टोबर २०२३पासून १८च्या आतल्या मुलाला सार्वजनिक रस्त्यावर कार्ट चालवायला लर्नर परमिट किंवा लायसन लागतं, आणि लर्नर मिळतं १५ पूर्ण झाल्यावर. मित्र चालवतात ते कशाच्या जोरावर, हे त्यांच्या आयांना विचारून बघा. परमिट मिळाल्यावर द्या, पण गाडीचा वेग त्याच्यादेखत कारखान्याच्या मूळ आकड्यावर लॉक करून घ्या. नाहीतर पंधरा वर्षांच्या मुलाला प्रोग्रॅमिंग शिकायला क्लास लागत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत १४ इमारती आहेत. ज्येष्ठांना गेटपासून घरापर्यंत न्यायला सहा आसनी गोल्फ कार्ट घ्यायचं चाललंय. कमिटीतले काही जण म्हणतात, जास्त वेगाची घेऊ, म्हणजे बाहेरच्या रस्त्याने मंडईपर्यंतही नेता येईल.

— सोसायटीचे सचिव, पुणे

उत्तर : मंडई विसरा. आपल्याकडे बॅटरीच्या वाहनाला नोंदणीतून सूट मिळते ती मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि वजन बॅटरी सोडून ६० किलोच्या आत असेल तरच. सहा आसनी कार्टची मोटर काही किलोवॉटची असते आणि वजन तर विचारूच नका. नोंदणी नसलेली गाडी फाटकाबाहेर काढली की ती बेकायदा.

आवारात ताशी १५ किलोमीटरच्या वर जाऊ नये असं विक्रेत्याकडून लॉक करून घ्या. तुम्हाला खरी अडचण येणार ती स्पीडब्रेकरची. गोल्फ कार्टचं पोट जमिनीपासून फारसं वर नसतं, आणि आपल्या सोसायट्यांतले स्पीडब्रेकर कोणत्या मापाने बांधतात ते देव जाणे. विक्रेत्याला सहा माणसं बसवून तुमच्या आवारातल्या सगळ्यात उंच उंचवट्यावरून गाडी नेऊन दाखवायला सांगा, आणि पार्किंगच्या उतारावर थांबवून परत चढवायलाही. पायरी किती उंच आहे तेही बघा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत चढता आलं नाही, तर ती गाडी वॉचमनच फिरवत बसेल.