शब्दमर्यादा नाही, शब्दाची हद्द! (आणि लिंकचीही)

प्रश्न असा आलाय की आपण टाइप केलेल्या मजकुरात लिंक कुठे सुरू होते नि कुठे संपते हे एडिटर (म्हणजे ज्यात आपण टाइप करतो ते सॉफ्टवेअर) ओळखतो, त्या 'बाउंडरी'ला मराठीत मर्यादा म्हणायचं की सीमा.

मर्यादा अजिबात नको. 'वर्ड बाउंडरी'चं भाषांतर 'शब्दमर्यादा' केलेलं दिसलं की माझं डोकंच फिरतं. शब्दमर्यादा म्हणजे 'निबंध ५०० शब्दांत लिहा' ती, आणि 'लिंकची मर्यादा' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटणार पाचच लिंका टाकता येतात. जुन्या कोशांत मर्यादेचा एक अर्थ सीमा असा दिलाय, मान्य, पण आज लोकांच्या तोंडी काय आहे ते न ऐकता नुसता कोश उघडून परिभाषा करणाऱ्यांचं मला काही पटत नाही. हद्द म्हणा. अरबी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आधी सरहद्द आणि हद्दपार हे शब्द सोडून दाखवावेत.

पण मर्यादा या शब्दाची खरी गंमत व्याकरणात आहे, आणि ती या लिंकच्या भानगडीत इतकी चपखल बसते की सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाणिनीचं सूत्र आहे, 'आङ् मर्यादाभिविध्योः' (२.१.१३). 'आ' म्हणजे 'पर्यंत', पण पर्यंत दोन प्रकारचं. तेन विना मर्यादा, म्हणजे ती शेवटची गोष्ट सोडून, आणि तेन सह अभिविधिः, म्हणजे तिला धरून. पाटलिपुत्रापर्यंत पाऊस पडला, पण शहर कोरडंच, ही मर्यादा. आपलं आबालवृद्ध घ्या, त्यात बाळंही आली नि म्हातारेही आले, हा अभिविधी. मराठीत आपण दोन्हीला 'पर्यंत'च म्हणतो आणि मग 'सोमवारपर्यंत' मधे सोमवार धरायचा की नाही यावर वाद घालत बसतो.

आता एडिटर काय करतो बघा. बरेचसे एडिटर 'एचटीटीपीएस' किंवा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' दिसलं की तिथून पकडतात, मोकळी जागा येईपर्यंत पुढे जातात आणि मग शेपटाकडून मागे येत एकेक चिन्ह गाळतात. कारण टिंब, स्वल्पविराम, कंस ही सगळी लिंकच्या पोटात चालतात, वेबपत्ता कसा लिहायचा हे ठरवणाऱ्या २००५ च्या आरएफसी ३९८६ या प्रमाण दस्तऐवजात तसं स्पष्ट आहे. म्हणून मधलं टिंब लिंकचं आणि शेवटचं टिंब वाक्याचं असा अंदाज बांधावा लागतो. मधल्याला अभिविधी, शेवटच्याला मर्यादा! बंद होणारा कंस तर जोडीदार बघून ठरतो, उघडणारा कंस लिंकच्या आतच असेल तर बंद होणाराही आत, नाहीतर बाहेर. हिंदीवाल्यांचा दंड, म्हणजे वाक्याच्या शेवटी येणारी उभी रेघ, लिंकमधे सहसा येत नाही म्हणून ते थोडे सुटतात, आपला पूर्णविराम म्हणजे नेमकं तेच टिंब.

आणि मराठीचं खरं दुखणं याहून वेगळंय. आपण शब्दयोगी अव्यय जोडून लिहितो. 'उदाहरण.भारत/नकाशावर बघा' असं लिहिलं की लिंक 'नकाशा'ची का 'नकाशावर'ची? तुम्हाआम्हाला लगेच कळतं, एडिटर मात्र 'वर' सकट गिळतो आणि पान सापडत नाही. रोमन अक्षरं संपली की लिंक संपली असा नियम करावा तर २०१४ पासून '.भारत' हे डोमेनच देवनागरीत मिळतंय, त्यामुळे तोही रस्ता बंद. उलट पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत मजकुरातले नमुने शोधायचं जे नेहमीचं 'रे' मोड्यूल आहे त्यामधे शब्दातलं अक्षर ओळखायचं जे चिन्ह आहे त्यात काना-मात्रा बसतच नाहीत, तिथे 'नकाशा' टाकलं की हाताला 'नक' लागतं, काना बाहेर! ज्याने हे ठरवलं त्याने काना हा अक्षराचा भाग आहे हे लक्षातच घेतलं नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

बरेच जण 'नकाशा-वर' अशी रेघ टाकायला सांगतात. चूक आहे ते, आडवी रेघही लिंकमधे चालते, तीही आत जाणार. त्याच आरएफसीच्या शेवटी 'सी' परिशिष्टात उपाय दिलाय, लिंक टोकदार कंसात घाला, <उदाहरण.भारत/नकाशा>वर, असं. एडिटरने ते कंस पाळले तर प्रत्यय चिकटूनही राहतो आणि लिंकही शाबूत राहते. ते नसेल जमत तर सरळ 'या नकाशावर बघा' असं लिहून लिंक खालच्या ओळीत एकटी टाका, पुढे टिंबसुद्धा देऊ नका.