रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग रोज सकाळी छातीत का धडधडतं?

"ताई, ईसीजी झाला, टूडी इको झाला, टीएमटी झाली, एंडोस्कोपीपण केली, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका, घरचे म्हणतात कामाचा कंटाळा. मी काय नाटक करतोय का?"

माझ्याकडे समुपदेशनाला हा प्रश्न घेऊन येणारे खूप असतात. शिक्षक, नर्स, पतसंस्थेतले क्लार्क, कंपनीतली पोरं. पहिल्या भेटीत ऑफिसातल्या छळाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, सगळं बोलणं ॲसिडिटी, मान आणि झोपेवरच चालतं. त्यातल्याच एका भाऊंची गोष्ट सांगते, त्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटू नये म्हणून बरंच बदललंय.

भाऊ अमळनेरचे, पंचेचाळिशीच्या आसपासचे. जळगाव एमआयडीसीतल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघायचे आणि वर्षानुवर्षं ट्रेननं अपडाऊन. त्यांच्या फिजिशियननीच पाठवलेलं, "हार्टची तपासणी झालीय, आता जरा बोलून बघा" अशी चिठ्ठी देऊन. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, छातीत दुखतंय तर आधी डॉक्टरच, "टेन्शन असेल" असं आपलं आपण ठरवून घरी बसायचं नाही.

मी विचारलं दुखतं कधी, तर म्हणाले "कधीपण." शेजारी वहिनी बसल्या होत्या, त्या फटकन म्हणाल्या, "ऐतवारले कधी दुखस तुमले?" भाऊ गप्प झाले.

मग आम्ही त्यांचा अख्खा दिवस सकाळपासून पुढं सरकवत नेला. पाचला उठणं, डबा, स्टेशन. गाडीत ठरलेला ग्रुप, पत्ते, कुणाचं तरी लग्न, कुणाच्या तरी जमिनीची भांडणं. धरणगावपर्यंत माणूस एकदम ओके, हसतोय खेळतोय. पाळधी स्टेशन मागे पडलं की पोटात गोळा, तळहात गार, आणि जळगावला उतरलं की आधी बाथरूम गाठायचं. संध्याकाळी तीच गाडीची लाईन, तोच माणूस, पण पाळधी येईपर्यंत भूक लागलेली असते आणि स्टेशनावर काहीतरी खावंसं वाटतं. हे सांगताना त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, कारण रोज होत असूनही या दोन गोष्टी त्यांनी कधी शेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या.

डॉक्टरांशी बोलून त्यांना बीपी लिहून ठेवायला सांगितलं, घरी आणि ऑफिसात वेगवेगळं. रविवारी सकाळी १२६/८२, सोमवारी जेवणाच्या सुट्टीत १५२/९८. दवाखान्यात मोजलं की ठीक यायचं म्हणून आजवर कुणाला शंकाच आली नव्हती. असं होतं बऱ्याच जणांचं, बीपी नेमकं कामाच्या जागी चढतं आणि डॉक्टरांच्या खुर्चीत बसलं की खाली येतं.

ऑफिसचं बाहेर आलं ते पुढच्या भेटीत, आणि तेही "काही विशेष नाही हो ताई" करत करत.

नवीन मॅनेजर आला होता. मारणं नाही, शिवीगाळ नाही. भाऊ फोनवर गावाकडच्या माणसाशी अहिराणीत बोलले की मोठ्यानं "आधी बोलायला शिका पंडित" आणि मग सगळ्यांचं हसणं. एका बिल्टीत, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीत, आकडा चुकला तर ती बिल्टी गडीमाणसांसमोर उभं राहून वाचून दाखवली. नंतर टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, पासवर्ड बदलला आणि भाऊ विचारायला गेले तर "तुम्ही फायली लावा". व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं, म्हणजे मीटिंग कधी आहे हेपण शिपायाकडून कळायचं. आणि एप्रिलच्या शेवटी त्यांचं टेबल कूलरजवळून उचलून पत्र्याच्या भिंतीला नेऊन लावलं. बाहेरच्या माणसाला यात काय एवढं असं वाटेल, पण जळगावच्या उन्हाळ्यात, पारा चव्वेचाळीस पंचेचाळीसवर असताना दुपारी दोनला पत्र्याला पाठ लावून बसणं काय असतं ते खान्देशच्या माणसाला सांगायला नको. कूलर समोर दिसतोय, त्याच्यासमोर एक रिकामी खुर्ची ठेवलीय, आणि तिथं बसायची सोय नाही. मला त्या खुर्चीचा राग अजून येतो.

"कडक साहेब तर सगळीकडेच असतात ना?" हा पुढचा प्रश्न. असतात. कडक साहेब कामावर चिडतो, काम झालं की त्याचं चिडणंही संपतं, आणि तो सगळ्यांवरच चिडतो. छळात निशाणा एकच माणूस असतो, प्रकार पुन्हा पुन्हा होतो, आणि समोरच्याला उलटून बोलायची सोय नसते. हाइन्झ लेमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानी १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये कामाच्या जागी होणाऱ्या अशा छळावर काम सुरू केलं, त्यांनी माप धरलं होतं ते आठवड्यातून निदान एकदा आणि सहा महिने किंवा जास्त. भाऊंचं दीड वर्षाच्या वर चाललं होतं, जवळपास रोज.

आता शरीराचं. धोका दिसला की ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, ठोके वाढतात, रक्त हातापायाच्या स्नायूंकडे जातं, पचन मागे पडतं. साप दिसला तर हे फार कामाचं आहे, दहा मिनिटांत साप जातो आणि शरीर खाली येतं. पण रोज सकाळी साप ऑफिसात हजरच असेल तर टाकी भरून वाहतेय तरी मोटारीचं बटन कुणी बंद करत नाही तसं होतं. मग जळजळ, सारखं बाथरूम, मानेचे स्नायू आखडलेले, रात्री तीनला जाग, बीपी. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे तपासलेला अवयव शाबूत आहे, एवढंच. त्रास खोटा आहे असं त्यात कुठं लिहिलेलं नसतं. आणि दुर्लक्ष करत राहिलं तर अवयवही कायम शाबूत राहतील असं नाही. २०१८ मध्ये डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या सुमारे ७९ हजार नोकरदारांची माहिती एकत्र करून पाहिली होती, त्यात ज्यांनी कामावर छळ होतो असं सांगितलं त्यांच्यात हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारांचं प्रमाण जवळपास दीडपटीच्या वर दिसलं.

मनाचं जे झालं ते मला जास्त वाईट वाटलं. झोप नाही म्हणून लक्ष लागत नाही, लक्ष लागत नाही म्हणून चुका, आणि चूक झाली की मॅनेजरच्या हातात पुरावा. मग भाऊ एक बिल चार चार वेळा तपासायचे आणि उशीर झाला म्हणून पुन्हा बोलणी. शेवटी त्यांना स्वतःलाच पटलं की आपल्याला काम येत नाही. घरी पोरावर ओरडायचे, शेवभाजी आवडीची पण ताटात तशीच. मला म्हणाले, "ताई, मी येडा व्हई गऊ का?"

जगणं नकोसं वाटतं का हे मी सरळ विचारते, विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसतो हा गैरसमज आहे. ते म्हणाले कधी कधी वाटतं, सगळं संपलं तर बरं. त्यांच्या संमतीनं वहिनींना आत बोलावून सांगितलं आणि त्याच आठवड्यात सायकियाट्रिस्टची अपॉइंटमेंट घेतली, थोडे महिने गोळ्या चालल्या. रात्री अपरात्री कुणाशी बोलावं वाटलं तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दोघांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून घेतला, तो सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

बाकी केलं ते साधंच. पाळधीला गाडी थांबली की श्वास हळू सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. याचा उपयोग होतो, पण नुसतं "प्राणायाम करा" सांगून माणसाला त्याच पत्र्याजवळ परत पाठवणाऱ्यांची मला चीड येते. म्हणून दुसरीकडे वही सुरू केली. तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण कोण हजर होतं. त्यात स्वतःच्या भावना लिहायच्या नाहीत, त्या माझ्याकडे बोलायच्या. वही वाचताना भाऊंना पहिल्यांदा दिसलं की ज्या दिवशी त्यांची एकही चूक नव्हती त्या दिवशीही बोलणी होतीच.

कायद्याचं विचारतात लोक. २०१३ चा कायदा महिलांच्या लैंगिक छळापुरता आहे, जातीवरून अपमान झाला आणि माणूस अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे, पण असल्या रोजच्या टोचणीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. त्यामुळे भाऊंनी शेठना मेल लिहिला, मॅनेजर कसा माणूस आहे याबद्दल एक शब्द नाही, फक्त टॅलीचा ॲक्सेस, टेबलाची जागा आणि वहीतल्या पाच तारखा.

शेठनी टेबल दुसऱ्या दिवशी हलवलं. मॅनेजरला काही बोलले नाहीत, तो कामाचा माणूस होता त्यांच्या दृष्टीनं. टोमणे कमी झाले, बंद झाले नाहीत. भावकीतले म्हणत होते राजीनामा तोंडावर फेक, पण घराचा हप्ता आणि मुलीची बारावी भावकी भरणार नव्हती. म्हणून नोकरी न सोडता दुसरी शोधायची असं ठरलं, आणि शोधतोय म्हटल्यावरच झोप सुधारायला लागली. सहा-सात महिन्यांनी धरणगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये लागले, पगार थोडा कमी, घर जवळ. पहिल्या महिन्यात तिथल्या मालकानं नुसती हाक मारली तरी दचकायचे, ते जायला वेळ लागला. पोटाच्या गोळ्या सुटल्यात. बीपीची अजून चालू आहे, डॉक्टर म्हणालेत दिवाळीनंतर बघू.